फाटकाची दुसरी किल्ली

बँकेतली नोकरी सोडून मी सिंगापूरच्या एका निधी संस्थेत गेले, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. आमचं काम सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या नगरपालिकांना एकत्र बसवण्याचं. जुनी भांडणं मिटून सलोखा टिकेल असं एखादं सामाईक काम त्यांनी ठरवायचं, आम्ही त्याला पैसा द्यायचा. मला त्यात अवघड काही दिसेना. आमच्या घराण्यातल्या निम्म्या लग्नांच्या बैठका मीच पार पाडल्या होत्या. दोन पक्ष आणि मध्ये मी, एवढंच तर होतं!

एका आठवड्यात नदीच्या दोन काठांवरच्या गावांची माणसं सिंगापूरला आमच्याकडे आली होती. नदी हीच सरहद्द. उत्तर काठाचे नगराध्यक्ष साठीचे, शर्टाला कडक इस्त्री. दक्षिण काठाची आरोग्य अधिकारी चाळिशीची, मितभाषी. तिच्या गावात बाळंतपणाची सोय नव्हती, दवाखाना उत्तर काठावर. पण काही वर्षांपूर्वी दोन्ही काठांत झालेल्या दंगलीनंतर उत्तरेने आपल्या धक्क्याला फाटक बसवलं होतं आणि ते दिवेलागणीला बंद होई. नंतर कळा सुरू झाल्या, तर बाईने होडीतच सकाळची वाट बघायची. तिला ते फाटक रात्री उघडायला हवं होतं. नगराध्यक्षांना हवा होता मैत्रीचा स्तंभ, तोही कारंज्यासकट. शुक्रवारपर्यंत एकमत झालं नाही, तर निधी दुसऱ्या सरहद्दीकडे जाणार होता.

मी त्यांना थेट वरपक्ष-वधूपक्षासारखं समोरासमोर बसवलं. मानपान काटेकोर. भाषणांना सारखा वेळ, सारखी फुलं, चहासुद्धा दोन्हीकडे एकदमच पोहोचला पाहिजे. झालं काय, की दोघंही मानाला चिकटून बसले. ती फाटकाचं बोलली, की ते सुरक्षेचं बोलत. ते स्तंभावर आले, की ती खिडकीबाहेर बघे. गुरुवारी संध्याकाळी मी घरी येऊन भांडी आपटायला लागले.

"आई, दे आर नॉट गेटिंग मॅरिड, ला!" माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

कार्टी बोलली ते खरं होतं. पण लग्न म्हटल्यावर मला माझी आत्या आठवली. बैठकीत तिढा पडला, की ती मुलाच्या मामाला मुलीकडची मागणी मांडायला लावी. दुसऱ्याची मागणी आपल्या तोंडाने मांडली, की तिच्यातला हट्ट गळून जातो, असं ती म्हणे.

शुक्रवारी सकाळी मी जाहीर केलं, की आज प्रत्येकाने समोरच्याची मागणी मांडायची. नगराध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण माणूस कामाचा पक्का. व्हरांड्यात त्यांनी तिला बारीकसारीक विचारून घेतलं, तिनेही त्यांना विचारलं. मग ते उभे राहिले.

"यांच्या गावातली बाई रात्री होडीने येते," ते म्हणाले. "सरहद्दीवरचे शिपाई तिला अडवत नाहीत. दवाखाना नाही म्हणत नाही. अडवतं ते आमचं फाटक. त्याची एक किल्ली रखवालदाराकडे असते, तो संध्याकाळी घरी जातो. दुसरी..."

खिशात हात घालून त्यांनी जुडगा टेबलावर ठेवला. "दुसरी माझ्याकडे असते."

मग तिने स्तंभ मांडला. दंगलीत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, आणि त्याचं नाव कुठेतरी कोरलेलं असावं एवढंच त्यांना हवं होतं. "नावं दोन्ही काठांची कोरू या," ती म्हणाली. नगराध्यक्षांनी मान खाली घातली. निधी स्तंभाला मिळाला. फाटकाला पैसा लागतच नव्हता.

संध्याकाळी मी दोघांना सेरंगूनला, आमच्या वस्तीत, घेऊन गेले. आमच्या घराजवळ चपला शिवणारे आणि किल्ल्या करून देणारे एक म्हातारे चिनी अंकल बसतात. मशीन घरघरलं. मला भडभडून आलं. इतकी लग्नं जमवली, पण कुठल्याच पाठवणीला मी अशी रडले नव्हते.

नगराध्यक्षांनी नवी किल्ली रुमालाने पुसून तिच्या हातावर ठेवली.

"रात्री उघडताना फाटक जरा उचलून धरा," ते म्हणाले. "डावीकडे अडकतं ते."