उभट एसचं बटण

रत्नप्रभाआत्या रोज सकाळी चहा उकळेपर्यंत कॅल्क्युलेटरवर तीसचा साईन काढायची. पडद्यावर अर्धा आला की मान हलवायची, झाकण सरकवायची आणि अंगणवाडीला निघायची. तेवढं तिला अकरावीपासून येत होतं.

बारावी सायन्स तिने शहापूरला अर्ध्यावर सोडली. आजोबा, म्हणजे तिचे वडील, गेले तेव्हा वर्गात इंटिग्रेशनचा धडा सुरू व्हायचा होता. तीस वर्षांनी तिचा मुलगा, प्रशांतदादा, डिप्लोमा करून नोकरीला लागला आणि त्याचा कॅल्क्युलेटर घरी राहिला. त्यावर इंटिग्रेशनचं ते उभट एसचं चिन्ह होतं. ते बटण नक्की काय करतं, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. दादा म्हणाला, आता त्याचा काय उपयोग. तिने त्याला पुन्हा विचारलं नाही.

मुरबाडला तिने पुस्तकांची दोन दुकानं पालथी घातली. एकाने गाईड पुढे केलं, दुसऱ्याने मुलगी बारावीला आहे का विचारलं. मोबाईलवरचे व्हिडिओ हिंदीत आणि धावते. हिचं बोट बटणावर पोचेपर्यंत सांगणारा पुढे गेलेला. शेवटी मी कंपनीची इंग्रजी पुस्तिका शोधून तिला पाठवली. ती छापायला आत्या आसनगावला गेली. दिवस परीक्षेचे. झेरॉक्सवाल्या लडकूने काही न विचारता एका कागदावर आठ पानं बसवली, बाहीत लपतील एवढी, आणि हळूच बजावलं, "मावशी, पोराला सांगा, पकडला तर दुकानाचं नाव नाय घ्यायचं."

हे सांगताना आत्या पोट धरून हसली होती. मग भिंग घेऊन ती एकेक इंग्रजी शब्द वहीत उतरवू लागली.

ते पाहून मीच म्हटलं, मराठीत लिहून देते, मोठ्या अक्षरांत. सोळा पानं दिलीही. सतरावं त्या बटणाचं. ते कसं दाबायचं हे लिहिता येत होतं. ते काय करतं, हे मला माझ्याच भाषेत सांगता येईना. कॉलेजातल्या गणिताच्या मॅडमना विचारायचं ठरवलं आणि प्रबंधाच्या गडबडीत दोन महिने विचारलं नाही. आत्याने एकदाही घाई केली नाही.

श्रावणात एका पहाटे ती झोपेतच गेली. त्याच्या दोनच दिवस आधी फोनवर मी तिला सांगितलं होतं, रविवारी पान घेऊन नक्की येते.

"बरं," ती म्हणाली. "येताना आसनगाववरून वांगी आण गो. इथं नाय मिळत चांगली."