आफ्रिकेचा रस्ता सिंदीवरून जातो

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायला नेमकं काय लागतं, असं या ब्लॉगवर सारखं कुणीतरी विचारतंच. डिप्लोमा किंवा डिग्री, कामाचा अनुभव, ठणठणीत तब्येत, हे तर लागतंच हो. पण मला पारखून घेतलं ते सिंदी रेल्वेजवळच्या एका खेड्यात, ऐन एप्रिलात. तो प्रवास आज सांगूनच टाकते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी हिंगणघाटची, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून हातपंप दुरुस्त करणारी. अख्ख्या पथकात एकटीच बाई, आणि बडबडीत मात्र सगळ्यांच्या वरताण! दिल्लीच्या एका संस्थेला टांझानियात दोन वर्षांसाठी पंपाचं काम जाणणारी माणसं हवी होती. पगार नाही, राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च. माझं मन तिकडे कधीच पोचलं होतं. बाबांनी मात्र अट घातली, "एक डाव जाऊन पाय. नाई निवडलं, तं मंग लग्नाले नाई म्हनायचं नाई."

संस्थेने निवडीच्या परीक्षेला सिंदीजवळच्या एका गावात बोलावलं होतं. सकाळच्या एसटीने वर्धा गाठलं. स्टेशनबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले, नाकातून पाणी आलं, आणि नागपूरकडच्या पॅसेंजरमध्ये घुसले. तिकीट किरकोळ, गर्दी भरपूर. सिंदीपासून पुढे बैलगाडी. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा बुवा. मी डोक्याला ओला दुपट्टा बांधला होता, तो गाव यायच्या आत कडकडीत वाळला.

गावात परीक्षक थांबले होते, पुण्याकडचे एक निवृत्त इंजिनीअर. सगळे त्यांना साहेबच म्हणायचे.

"इथला पंप बंद आहे. उद्या संध्याकाळपर्यंत पाणी आलं पाहिजे. पण तुम्ही पान्याला हात लावायचा नाही, गावातल्या बायकांकडून काम करून घ्यायचं. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. तिकडे कोणाला मराठी येणार आहे?"

पंप मी झोपेतही खोलला असता. पण गप्प बसायचं? मी?

संध्याकाळी सरपंचांकडे जेवण. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा, काय चव होती! ही अट फक्त सरपंचांना माहीत होती. वाढणाऱ्या बायकांनी आपला अंदाज बांधला.

"मुकी हाय वाटते बिचारी."

"तरीच लग्न नाई झालं."

ठेच्यापेक्षा ते जास्त झोंबलं. मी गोड हसले आणि आणखी एक भाकर मागून घेतली, खुणेनेच.

दुसऱ्या दिवशी पंपापाशी बायकांचा घोळका जमला. पार्बताबाई नावाच्या एका धिप्पाड बाईने सगळ्यांत आधी पाना उचलला. मी हातवारे करायचे, ती नट ढिले करायची. सगळ्याजणींनी मिळून पाइप वर ओढले. तळाचा चामड्याचा वायसर, म्हणजे वॉशर, झिजून चिंधी झाला होता. तिने नवा बसवला, आणि तो वाटीसारखा वायसर बसवला चक्क पालथा! माझा हात सरसावला. साहेब खाकरले. मी हात मागे घेतला आणि जिवाच्या आकांताने खुणा केल्या, पण कोण बघतंय? पाइप पुन्हा खाली गेले. दांडा मारला, थेंब नाही.

"हिच्या भरोशावर दिवस गेला ना वाया!" एकजण करवादली.

मला रडूच यायला लागलं होतं. तेवढ्यात एकीच्या हातातला तांब्या दिसला. मी तो घेतला, पार्बताबाईसमोर तळहात पालथा धरला आणि वरून पाणी सोडलं. सगळं मातीत. मग तळहात उलटवून खोलगट केला. पाणी हातात राहिलं. ती बघत राहिली, आणि तिने कपाळावर हात मारला.

"अवो माय! आपन वायसर पालथाच ठुला न!"

पुन्हा पाइप वर, पुन्हा खाली. कुणी कुरकुरलं नाही. पार्बताबाई दांडा हाणू लागली. आधी घरघर, मग गढूळ पिचकारी, आणि मग अशी लखलखीत धार की पोरं तिच्याखाली नाचायला लागली! मी पार्बताबाईला मिठीच मारली. साहेब हसत म्हणाले, "आता बोला. झाली तुमची निवड."

"माय, किती तिखट तो ठेचा! आन माह्या लग्नाले आता दोन वर्स दम धरा लागन!"

एकच कल्ला झाला. "अव बाई, हे तं आपलीच हाय!" बायका लाजून पदरात तोंड लपवत होत्या आणि हसतही होत्या.

पुढे टांझानियात मला कधी गप्प बसावं लागलं, कधी कोरडा ठणठणीत पंप बघत हात मागे बांधावे लागले. ते सगळं सिंदीनेच शिकवलं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. पण ते मला नीट कळलं तेव्हा, सिंदीहून घरी आल्यावर. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"म्हनजे पाना त्यायनं धरला, पाइप त्यायनं ओढले, पानी त्यायनं काढलं. मंग निवडलं तुले काऊन?"

"त्याच्याचसाठी तं निवडलं, बाबा!"

बाबा असे हसले की शेजारपाजारचे बाहेर आले.