‘यंदा मांगाचं नाई’ म्हणणाऱ्या शशिकलाताई

शशिकलाताई वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट समुद्रपूरच्या बसस्थानकावर झाली. कर्णबधिर मुलींच्या आमच्या निवासी शाळेत देणग्या मिळवण्याच्या कामावर मी रुजू होणार होते आणि ताई मला घ्यायला आल्या होत्या. वाटेत त्यांनी शाळेविषयी अवाक्षर काढले नाही. माझ्या आईचे गुडघे कसे आहेत, हेच विचारत राहिल्या. काम काय करायचे, हे मला त्या दिवशी कळलेच नाही.

मोठ्या देणगीदारांचे काम ताईच पाहत. डिसेंबर संपताना आम्ही दोघी पुढच्या वर्षाची यादी करायला बसत असू: कोणाकडे, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी जायचे.

एका वर्षी मुलींचे वसतिगृह अर्धवट राहिले होते. संध्याकाळी बाके सरकवून मुली वर्गातच झोपत. माझ्या यादीत पहिले नाव नाचणगावच्या वामनरावांचे होते. कापसाच्या व्यापारातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या पत्नी महिन्यापूर्वीच वारल्या होत्या. ‘तिच्या नावानं सगळं वसतिगृह मी बांधून देतो,’ असा त्यांचा स्वतःहून फोन आला होता. मी जानेवारीपुढे ‘धनादेश आणणे’ असे लिहिले. ताईंनी ते खोडले.

“यंदा मांगाचं नाई.”

“मागायचं नाही? ताई, ते आपणहून देतायत.”

“म्हणूनच. बाई गेली, आता त्याईले घरातलं काहीच नको झालं. वरीसभर थांबू. तवाही देतो म्हणाले तर घेऊ.”

“आणि मुली?”

 प्रत्येक महिन्यापुढे ताईंनी ‘वामनराव, भेट’ एवढेच लिहिले.

मी गोंधळले, चिडलेही. शाळेच्या सचिवांकडे जाऊन ‘ताईंचं आता वय झालं’ असे सांगून आले. ते ताईंच्या कानावर गेलेच. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “सांगतलं ते बरं केलं. पोरींसाठी कोणीतरी भांडलं पाह्यजे. नाचणगावले येतं का संगं?”

मी गेले. ताईंनी तिथे वामनरावांना वरणाला फोडणी द्यायला शिकवले. पुढच्या महिन्यात भात. वसतिगृहाचा विषय त्यांनी वर्षभर काढला नाही.

वर्ष सरल्यावर वामनरावांनी एका खोलीपुरती देणगी दिली. बाकीचे त्यांनी स्वतःच्या मुलीसाठी ठेवले. उरलेल्या खोल्यांसाठी आम्हाला आणखी दोन वर्षे दारोदार फिरावे लागले. दहावी होऊन गेलेल्या मुलींना ते वसतिगृह कधीच मिळाले नाही. त्यांतली एक निघताना हातांच्या खुणांनी विचारत होती, ‘आमचं कधी?’ 

वामनराव मात्र आजही दर गुरुवारी येऊन मुलींच्या स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देतात. हे पाहिले की ताई बरोबर वाटतात. ती मुलगी आठवली की वाटत नाहीत.

या लेखासाठी मी ताईंना सरळच विचारले, “आपलं चुकलं का हो?”

 “मलेबी नाई समजलं, वर्षा. तवा त्या माणसाकडून घेववलं नाई, एवढंच खरं.”

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना ठणठणीत प्रकृती लाभो, आणि माझ्या यादीतली नावे खोडायला त्या पुढची कितीतरी वर्षे समोर बसोत. मी भांडेनच.