स्लीपिंग बॅगेच्या आत रेनकोट

तुमच्या हृदयात काहीही दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी दवाखान्यातून बाहेर पडलो तो आधीपेक्षा जास्त घाबरून. हृदय ठीक, रक्त ठीक, थायरॉइड ठीक. मग मला झालं होतं काय?

त्याआधीच्या महिन्यात मी उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला गेलो होतो. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत, खुर्चीवर गेली. पण रविवारचा सिंहगड मी तीस वर्षं चुकवला नव्हता, त्यामुळे निवृत्त झाल्यावर हिमालय झेपेल असा भरवसा होता. पहिल्या मुक्कामाची रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री जवळ होते तेवढे कपडे अंगावर चढवून स्लीपिंग बॅगेत शिरलो, तरी पहाटेपर्यंत दात वाजत राहिले. तिसऱ्या रात्री हुडहुडी थांबेचना. सकाळी बुटाची नाडी बांधायला गेलो तर बोटं ऐकेनात. बरोबरची पंचविशीतली मंडळी तशाच तंबूत झोपून ताजीतवानी उठली होती. गाइडने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मला खेचरावर बसवून खाली धाडलं.

पुण्यात आल्यावर तपासण्या झाल्या. "बाबा, वय झालं तुमचं. आता पुरे," हडपसरला राहणारी आमची मुलगी म्हणाली. बायकोने सगळे रिपोर्ट पुन्हा एकदा वाचून काढले. तिने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पुरावा हाती आल्याशिवाय ती मत देत नाही. मी मात्र अंथरुणात जरा गार वाटलं की मनगट धरून नाडी मोजू लागलो होतो.

ट्रेकची स्लीपिंग बॅग पिसांची होती. घरी आणली तेव्हा ती भिजलेल्या गोधडीसारखी जड लागत होती, म्हणून आमच्या वारज्याच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत टाकली. तीन दिवस झाले तरी आतल्या पिसांचे गोळे सुटेनात. चौथ्या दिवशी मी ते बोटांनी मोकळे करत बसलो होतो, तेवढ्यात आमचे वॉचमन पाण्याची टाकी बघायला वर आले. ते मुळशीकडचे. फौजेत असताना बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढून आलेले. त्यांनी बॅग हाताने दाबून पाहिली.

"सायेब, ही पाण्यात पडली व्हती का?"

"नाही हो. तंबूतच होती."

"मग ह्यो तुमचाच घाम हाय."

"घाम? अहो, मी तिथे थंडीने मरायला टेकलो होतो."

"समदे कपडे घालून झोपला आसाल."

मी मान डोलावली.

"माणूस झोपेत बी घामतो," ते म्हणाले. "त्यो घाम पिसात जातो आन् थंडीनं तितंच गारठतो. पिसं बसली की ऊब गेली. पयल्या रातीला कळत नाय. दुसरीला, तिसरीला कळतं." मग त्यांनी त्यांच्या चौकीवरची रीत सांगितली. आधी पायात पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर लोकरीचा मोजा. घाम पिशवीच्या आत राहतो, लोकर कोरडी राहते. "अंगाला बी तसंच करायचं. जो कोट पाऊस आत घेत नाय, त्यो घाम भाईर सोडत नाय."

खाली येऊन मी हे बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"बरोबर आहे त्यांचं. बाष्प अडवायचं. पण आपण तपासून बघू."

जानेवारी चालू होता. मी बाल्कनीत झोपायचं आणि तिने झोपेच्या आधी व नंतर बॅग तोलायची असं ठरलं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हातातला काटा घरात होताच. पहिल्या रात्री ट्रेकला घातले होते तेवढे सगळे कपडे घातले. दुसऱ्या रात्री पातळ बनियन, पातळ पायजमा, त्यावर माझा स्कूटरवरचा जुना रेनकोट, शर्ट आणि पँट दोन्ही. त्याचं आतलं जाळीचं अस्तर तिने कापून काढलं होतं.

"ट्रेकसाठी घेतलेलं महागाचं जॅकेट वापरू की," मी म्हणालो.

"ते घाम बाहेर सोडतं म्हणून महाग आहे. आपल्याला सोडायचा नाहीये."

पहिल्या सकाळी बॅग वाटीभर पाण्याइतकी जड भरली. दुसऱ्या सकाळी वजन झोपण्याआधी होतं तेवढंच. मी मात्र रेनकोटात उकडलेल्या बटाट्यासारखा झालो होतो.

"पुण्यात उकडणारच," ती म्हणाली. "तिथे कपडे कमी घाला म्हणजे घामही कमी येईल. आणि अहो, ओले तुम्ही झालात, बॅग नाही. मुद्दा तेवढाच आहे."

मी त्या बाल्कनीत रेनकोट घालून एकटाच हसत सुटलो. एवढंच होतं? मला काही झालेलं नव्हतं. मी म्हातारा झालो होतो तो जेवढा झालो होतो तेवढाच. त्या दिवसापासून नाडी मोजणं बंद झालं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्याच वाटेने गेलो. आम्ही म्हणजे, या वेळी बायकोही आली. मुलगी चार दिवस बोलत नव्हती. गाइड तोच होता. मला पाहून त्याने आधी कपाळाला हात लावला आणि मग नमस्कार केला. रोज झोपायच्या आधी आमच्या तंबूतून रेनकोटांची कुरकुर सुरू झाली की शेजारच्या तंबूतली मुलं खिदळायची. खिदळोत बापडी.

तिसऱ्या सकाळी मला जाग आली ती तंबूवर ऊन आल्यामुळे. म्हणजे मी रात्रभर झोपलो होतो. बॅग फुगलेली, हलकी. रेनकोट काढला, आतलं बनियन दमट होतं. ते बदलताना मिनिटभर जीव नकोसा झाला, पण कोरडा सदरा अंगात गेला आणि ऊब आली. बोटं वाकवून पाहिली, वाकत होती. बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

बायको माझ्या बॅगेत हात घालून चाचपत होती. "कोरडी आहे," ती म्हणाली आणि तिचा आवाज जरा वेगळा लागला.

"काय झालं गं?"

"काही नाही. मागच्या वर्षी तुम्ही खेचरावरून आल्यापासून मी रात्री जागून तुमचा श्वास ऐकायचे. घाम आहे हे पटलं होतं, तरी ऐकायचे. काल ऐकला नाही. झोप लागली मला."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हिला घाबरलेली मी पाहिली नव्हती. तिच्या कानटोपीवर तंबूच्या कापडावरची बर्फाची भुकटी पडली होती, ती मी झटकत राहिलो.

बाहेरून गाइडने नाश्त्याला हाक मारली. "पाच मिनिटं थांबायला सांगा त्याला," असं म्हणून ती पुन्हा आपल्या बॅगेत शिरली, चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि खरोखर झोपली.