शून्यकाकांचं बोट

शून्यकाका फ्रिज दुरुस्त करायला दुकानात आले की त्याच्याकडे आधी बघायचेच नाहीत. पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला स्टीलचा पेला काढायचे आणि म्हणायचे, "बर्फ दे गो बाय. आधी शून्य बघू." फ्रिजच्या आत वायरच्या टोकाला सेन्सर असतो, तो बाहेर ओढून ते कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवत. बर्फ आणि पाणी एकत्र असलं की तिथं शून्यच असतं. बाहेरच्या पट्टीवर दुसरा आकडा दिसला तर सेन्सर खोटा. मग तेवढा फरक यंत्रात भरून द्यायचा.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत दूध-दह्याचं दुकान काढलं, तेव्हापासून हा सोहळा. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक दारात तिष्ठत उभं, मी आतून धुमसतेय आणि काका सेन्सरशेजारी स्वतःचं बोट बुडवून डोळे मिटून बसलेले. "केळशीची विहीर आली," ते पुटपुटत. केळशी त्यांचं गाव. थोड्या वेळानं, "आता पौषातली पायरी. पहाटेची." फ्रिजची घरघर, दुपारचं पिवळं ऊन, आणि हा माणूस एका पेल्यातून गावी निघालेला. हळूहळू मलाही ती पायरी तळव्याला लागायला लागली. शेवटी ते म्हणत, "आता बोट माझा राह्यला नाय. झाला शून्य."

एकदा बर्फ नव्हता म्हणून मी शेजारच्या मासळीवालीकडून आणला. बोट घालताच काकांनी हात झटकला. "मीठ हाय ह्यात! चावतंय बघ." मीठ पडलं की पाणी शून्याच्याही खाली उतरतं आणि चांगला सेन्सर खोटा ठरतो, हे मी त्या दिवशी शिकले. शिवाय बोलणीही खाल्ली.

चारेक वर्षांनी ते वाटेतूनच बर्फ घेऊन आले. पट्टीवर उणे पाच दिसलं. काकांचं बोट पाण्यातच होतं. विहीर, पायरी, सगळं म्हणून झालं. "शून्य हाय. सेन्सरच बिघडला," म्हणाले आणि पाच अंशांचा फरक भरून गेले.

सकाळी बघते तर पट्टीवर झकास चार आणि मागच्या रांगेतलं दही दगड. काका आले तशी मी त्यांना फैलावर घेतलं. पेला ते काल माझ्याकडेच विसरले होते, पाणी त्यात तसंच होतं. मी जिभेवर थेंब टेकवला. खारट!

काकांनी पेला रिकामा केला. नवा बर्फ कुटला, बोट बुडवलं आणि बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बोट पांढरंफटक पडलं तरी बाहेर निघेना. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"काका, कधीपासून?"

"गणपतीपासून. साखर हाय ना. आता भायेर काढला तरी माझा नसतंय." मग अगदी हळू, "कुनाला सांगू नको गो. कामाला बोलावनार नाय कोन."

मी नाही सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी ते माझ्याकडे येत. घरच्या पाण्याचा बर्फ मी कुटून पेल्यात भरायची, बोट घालायची, डोळे मिटायची. समोर काका परीक्षेला बसल्यासारखे. "विहीर आली?" "आली." "पायरी?" "आली, काका." मी शून्य म्हटलं की तो बर्फ थर्मासात भरून ते जयगड, देवरूख कुठं कुठं जात. त्यांच्या बोटावर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांना मी पुढची तीन वर्षं फसवलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

मग त्यांचे पायही बधिर झाले. लेक त्यांना केळशीला घेऊन गेला. जाताना काकांनी पेला माझ्या हातात दिला. "थंड हाय काय गो?" त्यांनी विचारलं. पेला उन्हात तापलेला होता. "हो काका," मी म्हटलं.

ते गेल्याचं पुढच्या मे महिन्यात कळलं. आता मेकॅनिक येतात, दोन मिनिटांत आकडा सांगतात. त्यांनी पाठ फिरवली की मी पेला काढते, बर्फ कुटते, बोट घालून डोळे मिटते. विहीर येते, पायरी येते. मग बोट ठणकायला लागतं, आणि ते ठणकतंय यानंच मला भरून येतं.