एका तोंडाचा सिलिंडर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही एवढं सोडून बाकीचं बोललो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुतेक पुन्हा खोटंच बोललो असतो.

आधी मी कोण, ते सांगतो. परभणीच्या बैलबाजारात दुसऱ्यांच्या जनावरांना पाणी पाजता पाजता दलाल झालेला माणूस. शाळा चौथीपर्यंत. जे मिळवलं ते बोटांवर. बोटांवर म्हणजे — आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आतून बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्या दोघांशिवाय कुणाला काही कळत नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. रुमालाखालचं कुणी फिरवत नाही, एवढ्या एका भरवशावर सगळा बाजार उभा असतो. मी त्यातच मोठा झालो.

मग मी एक गाडी घेतली. कुणा गोऱ्या जोडप्यानं हैदराबादला टाकून दिलेली, जुनी, गोल नाकाची. आत कपाटं, पाण्याची टाकी, झोपायला गादी. इंजिन मागं, आणि गादी बरोबर इंजिनाच्या वर. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज बंद, उद्या दगडफेक, एसटी कधी उभी राहील याचा नेम नसायचा. अशा दिवसांत माझ्या गाडीला भाडं मिळायचं. ज्यांनी कधी मला ओट्यावर बसा म्हटलं नव्हतं, ते आता 'शेठ, गाडी मोकळी आहे का?' म्हणून दारात उभे राहत. खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडायचं. त्यांच्याबद्दलचा राग मात्र मी सोडला नव्हता. आजही सगळा गेलाय असं म्हणवत नाही.

गाडी सांभाळायचा सटवाजी मिस्त्री. जिंतूर रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मूळचा बोरीचा, बाप जनावरांचा व्यापारी, त्यामुळे रुमालातली बोटं त्यालाही येत. एकदा गॅरेजसमोरच्या हॉटेलात चहा पिताना त्यानं विषय काढला.

"मालक, इंजिन मागं हाय. आग लागली तर डायवरला वास येईस्तोवर मागचं माणूस भाजून निघंल. आग इझवायचा, हातानं मारायचा सिलिंडर पुढं लटकवून काय उपेग? आपोआप सुटणारा पाहिजे."

त्यानं हैदराबादला चौकशी करून ठेवली होती. गॅसचा सिलिंडर या गाडीला चालणार नाही म्हणाला. इंजिन खालून उघडं, वर पंख्याचा वारा, गॅस उडून जाईल. पावडरचा हवा. सिलिंडरच्या तोंडाला काचेची बारीक कुपी असते, धग लागली की ती फुटते आणि पावडर आपोआप पडते. त्यात दोन प्रकार होते. छोटा, एका तोंडाचा. आणि मोठा — त्याचं एक तोंड कार्बोरेटरवर बसवायचं, दुसरं पलीकडे, पेट्रोलची नळी जाते तिथं. सटवाजी मोठ्यावर अडून बसला. नळी जुनी आहे, म्हणाला, आग तिकडूनच यायची.

मी म्हणालो, एक तोंड बस झालं. आग काय दोन्हीकडून वाट बघत बसलीय?

तो हसला. हसत हसतच म्हणाला, "मालक, गाडी घेतलीत तुमी, पण हाकायलात अजून बैलच."

हॉटेलातले सगळे हसले. काउंटरवरचासुद्धा.

एवढंच. दुसरं कुणी असतं तर तेही हसलं असतं, नाही का? माझ्या मस्तकात गेलं. मी कपबशी आपटली आणि सटवाजीच्या हातावर रुमाल टाकला. माझी किती ताणायची तयारी आहे, ते त्या हसणाऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं. रुमालाखाली मी छोट्या सिलिंडरचा भाव दाबला. त्यानं हात मागे ओढला. मी मनगट धरून पुन्हा तोच भाव दाबला. तिसऱ्या वेळी, लय नाइलाजानं, त्यानं बोट दाबून होकार दिला. मग मी रुमाल झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "जा, आण हैदराबादहून! एक नंबर माल आण!" हॉटेलातल्या प्रत्येकाला वाटलं, शेठनं मोठाच ठरवला.

सिलिंडर बसवल्यावर त्यानं मला मागं नेऊन दाखवलं. नळीच्या अंगाला हात ठेवून म्हणाला, "हिकडं काही न्हाई मालक, ध्यानात असू द्या." मी मान हलवली. म्हणजे मी पाहिलं होतं. मला माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी उलट बोललो.

वर्षभरानं झरीच्या एका गुरुजींनी गाडी नेली. राणीसावरगावला लेकीकडे राहिलेल्या आईला परत आणायचं होतं. म्हातारी मागच्या गादीवर आडवी झाली होती. ऐन दुपार. गंगाखेडच्या अलीकडे इंजिनानं पेट घेतला. कुपी फुटली, पावडर पडली, कार्बोरेटरकडची आग विझलीसुद्धा — आणि ड्रायव्हर खाली उतरून बघेपर्यंत पलीकडची नळी जळत राहिली. गुरुजींनी आईला ओढून काढलं. गुडघ्याखाली दोन्ही पाय भाजले होते. ती जगली. पण त्यानंतर ती आपल्या पायांनी उंबरा ओलांडू शकली नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजी सटवाजीच्या गॅरेजात आले. सोबत चार माणसं. मी तेव्हा तिथंच होतो. काळा पडलेला सिलिंडर त्यांनी बाकावर ठेवला. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "हे एका तोंडाचं घ्यायचं कुणी ठरवलं?"

सटवाजीनं माझ्याकडे पाहिलं. बोलायची पाळी माझी होती. एक वाक्य पुरलं असतं — मी ठरवलं. पण समोर गुरुजी होते, ती चार माणसं होती, हॉटेलातले रस्ता ओलांडून येत होते. त्यांच्या ओट्यांवर आत्ता कुठे मला जागा मिळायला लागली होती. ती जाईल, एवढंच डोक्यात आलं. म्हातारी नाही आली. खरं सांगतो, नाही आली.

मी म्हणालो, "मी मोठ्याचा भाव दिला होता. रुमालाखाली. यानं छोटा बसवला."

"बसवल्यावर तुम्ही पाहिला नाही?"

"गुरुजी, मी बैलाचे दात बघणारा माणूस. मला इंजिनातलं काय कळतंय?"

सटवाजीनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "रुमालाखालचं मी चारचौघांत काढत न्हाई. मालक, तुमीच सांगा खरं."

"सांगितलं की," मी म्हणालो.

त्यानं बोलायला हवं होतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ओरडायला हवं होतं, शिवी द्यायला हवी होती. पण ज्या भरवशावर मी पोट भरलं तो त्यानं पाळला आणि मी मोडला, हे त्याच्या गप्प बसण्यानं कसं बदलेल? आणि कुणी त्याचं ऐकलं असतं का? रुमालाखाली दोनच माणसं होती. त्यातलं एक शेठ होतं आणि एक ग्रीसनं माखलेलं.

माणसाच्या जिवावर पैसे खाणारा मिस्त्री — हे परभणीभर व्हायला आठवडा लागला नाही. गाड्या येईनाशा झाल्या. दिवाळीच्या आत गॅरेजचे पत्रे उतरले. सटवाजी बोरीला गेला आणि एका पिठाच्या गिरणीवर कामाला लागला. मी दुसरा मिस्त्री बघितला. गाडी दुरुस्त करून घेतली. त्या गाडीला मग दोन तोंडांचा सिलिंडर बसवला, तोही घासाघीस न करता.

चार-पाच वर्षांनी बोरीच्या आठवडी बाजारात तो समोर आला. अंगभर पीठ. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यानंच हाक मारली. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं का? माहीत नाही. तो म्हणाला, "मालक, मला झोप लागत न्हाई. चूक माजीच हाय. तुमी काय बी म्हणा, मी छोटा बसवायलाच नको व्हता. हात जोडून न्हाई म्हणायला पाहिजे व्हतं. म्हातारीचे पाय माज्यामुळं गेले."

भोवती ओळखीची माणसं उभी राहून ऐकत होती. मी कुणीतरी मोठा माणूस असल्यासारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे सटवाजी. मी माफ केलं तुला."

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.