तेरा फोन?

"किसका है ये?"
"मेरा."
"तेरा?"

दुकानदाराने फोन उलटा केला. सुलटा केला. मग माझ्याकडे बघितलं. केसांपासून चपलेपर्यंत. माझ्या हाताला कणीक होती. दोन घरांच्या पोळ्या करून तशीच आले होते. साडीचा पदर खोचलेला.

मीरा रोडचं काचेच्या दरवाजाचं दुकान. आत एसी. माझ्या आधी एक कॉलेजची मुलगी होती. तिचाही फोन असाच, थोडा जास्तच भारी. तिला म्हणाला, "दीदी, शाम को ले जाना." कुणाचा, कुठला, काही नाही.

मला म्हणाला, "कहाँ से उठाया?"

मागे पाच-सहा माणसं उभी होती. एकजण हसला. मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "ओट्यावरून पडला. पाण्यात. चालू होत नाही."

"वो नहीं पूछा. काम कहाँ करती है? मॅडम का नंबर बोल."

आणि मी नंबर बोलले. पाठ होता. विचारलं की सांगायचं, एवढंच माहीत होतं.

त्याने स्वतःच्या फोनवरून मॅडमना लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. आपकी बाई महंगा फोन लेके आयी है, वगैरे. मला वाटलं, आता मॅडम त्याला झापतील. त्यांचा मुलगा सोनू माझ्या हातच्या पोळ्या खाऊन शाळा संपवून कॉलेजला गेला. घराची किल्ली माझ्याकडे असते.

मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट हं. देखती हूँ."

सगळं दुकान थांबलं. स्पीकरवरून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग कपाटाचा. मग मॅडमचा, स्वतःशीच. "ह्यांचा आहे... सोनूचा आहे... टॅब कुठंय? हां, आहे."

मग म्हणाल्या, "नहीं भैया, हमारा नहीं है. लेकिन वो और घरों में भी काम करती है."

दुकानदाराने फोन काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. "बिल लेके आ."

मी बाहेर आले. रडू आलं नाही. राग पण नाही. रिक्षावाले ओरडत होते, ते लांबून ऐकू आल्यासारखे. तिसऱ्या घरी गेले. पोळ्या केल्या. एकही करपली नाही.

माझ्या घरात जे आहे ते कुणाचं तरी जुनं आहे. पंखा एका मॅडमचा. कुकर दुसऱ्या मॅडमचा. त्याची शिटी नीट बसत नाही. अंगावरच्या साड्याही दिलेल्याच. पोरीचं दप्तर सोनूचं. हा फोन तेवढा नवा. भिशी लागली तेव्हा मी स्वतः दुकानात जाऊन घेतला. पोरगी लातूरला नर्सिंगला आहे, तिचं तोंड नीट दिसावं म्हणून. खोक्यातून काढला तेव्हा काचेवर प्लास्टिक होतं. ते मी बरेच दिवस काढलंच नाही.

माझ्या मालकीची एकच वस्तू. तीच चोरीची ठरली.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने काशीमीऱ्याचं एक दुकान सांगितलं. हायवेला, गॅरेजांच्या रांगेत. दुकान कसलं, एक टेबल आणि एक दिवा. चालवणारा उत्तनकडचा म्हातारा ख्रिश्चन माणूस. सगळे त्याला अंकल म्हणतात. ह्या वेळी बिल मी ब्लाउजमध्ये ठेवलं होतं.

माझ्या पुढे एक माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, बोटात गाडीची चावी फिरवत.

अंकलने त्याचा फोन हातात घेतला. "बिल हाय?"

तो माणूस भडकला. "बिल कशाला? मी काय चोर वाटलो का तुम्हाला?"

"न्हाय. मी सगल्यांना इचारतो. बिल न्हाय तर खोका दाखवा."

तो बडबडत गाडीकडे गेला. खोका शोधून आणला. दाखवला.

मी तिथेच उभी होते. माझ्या कानात एकच वाक्य राहिलं. मी काय चोर वाटलो का. असं म्हणता येतं. मोठ्याने. लोकांसमोर. आदल्या दिवशी मी तिथे इतका वेळ उभी होते, हे वाक्य माझ्या तोंडात आलंच नाही. तोंडात काय, डोक्यातसुद्धा नाही. मी नंबर बोलले.

अंकल म्हणाला, "बाय, तुमचं बिल?"

मी दिलं. त्याने बघितलं, परत दिलं. "बसा. उभं कशाला?" फोन उघडला. "पाणी गेलंय. सुकवून बघतो. उद्या या." एवढंच. गोड बोलला नाही. दया दाखवली नाही. जे त्या चावीवाल्याला विचारलं तेच मला विचारलं. बिल मागण्यात काही लाज नव्हती. फक्त माझ्याकडेच मागण्यात होती. ते मला तिथं बसल्यावर कळलं.

फोन चालू झाला. आधी पोरीला लावला. तिला काही सांगितलं नाही.

सकाळी मॅडमकडे गेले. त्या चहा पीत होत्या. "काय गं, झाला का फोन? तो दुकानदार पण ना!"

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही कपाट उघडलंत."

"अगं, खात्री केलेली बरी. तुझ्याच भल्यासाठी."

"ती चोरी करणार नाही, असं बोलायचं होतं. एवढंच."

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? चल, सोनूच्या डब्याला उशीर होतोय."

मी किल्ली टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, "पोळ्या तरी करून जा." मी चपला घातल्या.

खाली गेटवर वॉचमनने हात पुढे केला. रोजच करतो. कामवाल्या बाया बाहेर पडताना पिशव्या उघडून दाखवतात. मी रोज दाखवायचे. त्याने मागायच्या आधीच चेन ओढायचे. इतकी सवय.

मी म्हटलं, "सगळ्यांच्या बघतोस?"

"नाही मावशी. फक्त बायांच्या. सोसायटीचा नियम आहे."

"मग माझी बघायची नाही."

त्याचं तोंड उतरलं. "मावशी, माझी नोकरी जाईल." मला ते कळत होतं. त्याला मी शिवी दिली नाही. पण पिशवी काखेत धरली. घट्ट.

सेक्रेटरी खाली आले. नाइट पँटवर. "नियम म्हणजे नियम."

"मग वरच्या मॅडम आल्या की त्यांची पर्स माझ्यासमोर उघडा. नंतर माझी उघडते."

"जास्त बोलू नकोस. तुझं गेटचं कार्ड रद्द करीन. एकाही घरात जाता येणार नाही."

"करा."

त्यांनी केलं. त्या बिल्डिंगमधली माझी सगळी घरं गेली. एका घरची आजी तेवढी बाल्कनीतून बघत राहिली. बरोबरच्या बाया म्हणाल्या, वेडी आहेस, पिशवीत होतं काय? एक चपातीचा डबा. दाखवली असतीस तर काय झालं असतं?

काही झालं नसतं. इतकी वर्षं काही झालंच नाही.

आता भाईंदरला काम शोधतेय. पोरीची फी अर्धी बाकी आहे. तरी नव्या सोसायटीत गेले की आधी वर जात नाही. गेटवर थांबते. विचारते, बायांच्या पिशव्या बघता का? हो म्हणाले, की आणखी एक विचारते. साहेबांच्या बघता का?

नाही म्हणाले, की मागे फिरते. बऱ्याच गेटवरून फिरलेय. उद्या परत निघणार. उद्याही विचारणार.